गरिबाला चालेल?



सणासुदीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास असते: अन्न व औषध प्रशासनाने खराब मावा, पनीर जप्त करून नष्ट केले. ती वाचून काहीजण हळहळतात, "एवढं अन्न मातीत घातलं! गोरगरिबांना तरी द्यायचं." वाक्य दयेचे वाटते, पण ते तपासून पाहायला हवे.

कायदा थोडक्यात असा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या ३८व्या कलमानुसार अन्न सुरक्षा अधिकारी माल जप्त करू शकतो. नाशवंत माल खाण्यास अयोग्य झाला असेल, तर व्यावसायिकाला लेखी नोटीस देऊन तो नष्टही करू शकतो. मात्र निव्वळ त्रास देण्यासाठी विनाकारण जप्ती केली, तर ३९व्या कलमाप्रमाणे त्या अधिकाऱ्यालाच एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. (दुकानदारांनी हे लक्षात ठेवावे.)

मालातील लपलेल्या दोषाने घेणाऱ्याला धोका होणार असेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे, असे संत थॉमस अक्विनास तेराव्या शतकात लिहून गेले. बरे, दोष सांगून, अर्ध्या किमतीत विकले तर? खरी मेख इथेच आहे. ज्याच्या खिशात पूर्ण किंमत नाही, तोच ते घेणार. त्याने राजीखुशीने घेतले असे आपण म्हणू. पण पोटात भूक असताना दिलेली संमती कितपत मोकळी असते? आमोस संदेष्टा ज्या व्यापाऱ्यांवर संतापला, ते मापात तर मारीत होतेच, शिवाय गव्हाचा गाळ गरिबांच्या गळ्यात बांधत होते.

फुकट दिल्यानेही प्रश्न सुटत नाही. जंतूंना दान आणि विक्री यांतला फरक कळत नाही. उलट हातावर पोट असलेला माणूस दोन दिवस आजारी पडला, तर त्याची मजुरी बुडते, वर औषधाचा खर्च. शिल्लक अन्न गरजूंना वाटता यावे म्हणून २०१९ साली वेगळे नियम झाले. त्यांतही वाटायचे अन्न खाण्यास सुरक्षित असलेच पाहिजे. गरिबासाठी खालचे माप कायद्याने ठेवले नाही, हे मला त्याचे मोठेपण वाटते.

आपल्या मांडवात रात्री अकरा वाजता जेवण गरम असते, तेव्हा कुणाला आठवण होत नाही. तेच उरलेले मटण दुसऱ्या दिवशी दुपारी कामवाल्या बाईच्या डब्यात भरताना आपण ते आपल्या मुलांच्या ताटात वाढले असते का?