न आठवणारी कबुली

'गुन्हा कबूल आहे का?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक आरोपींना माहीत असतं. केलंय, किंवा केलेलं नाही. माझ्या एका मित्राला दोन्ही माहीत नाही. पुण्यात एका शनिवारी रात्री तो भरपूर प्यायला, भलत्याच सोसायटीच्या गेटवर गेला आणि आत सोडत नाही म्हणून वॉचमनला अर्धा तास आईबहिणीवरून शिव्या देत राहिला. असं वॉचमन सांगतो. मित्राला बारचं बिल आठवतं, आणि त्यानंतर थेट चौकीतला बाक.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५. सार्वजनिक ठिकाणी दारूच्या नशेत उपद्रव. जास्तीत जास्त २४ तासांची साधी कैद, किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. (जुन्या दंडविधानात दंड १० रुपये होता.) वकील म्हणतात, कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. मित्राला नव्या नोकरीच्या फॉर्ममधल्या 'कधी दोषी ठरला आहात का?' या रकान्याची धास्ती आहेच. पण तो अडलाय वेगळ्याच ठिकाणी. "जे मला आठवतच नाही, ते कबूल करणं म्हणजे खोटं बोलणं नाही का?"

बाकीचे हसले. मला प्रश्न रास्त वाटला.

जॉन लॉकलाही तो पडला होता. मानवी आकलनावरच्या ग्रंथाच्या १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यानं एक प्रकरण नव्यानं घातलं. माणूस 'तोच' ठरतो तो जाणिवेमुळे, असं त्याचं म्हणणं. मग प्यायलेल्याची शिक्षा शुद्धीवरच्याला का? लॉक सांगतो, कारण खरंच आठवत नाही की सोंग आहे, हे न्यायालयाला ताडता येत नाही. अखेरच्या निवाड्यात मात्र, जिथं सगळी मनं उघडी होतील, ठाऊकच नसलेल्या गोष्टीचा जाब कुणाला द्यावा लागणार नाही.

इथं मला लॉक पटत नाही. फार प्यायल्यावर मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचं नवी आठवण नोंदवण्याचं काम थांबतं. चालणं, बोलणं, रिक्षावाल्याशी घासाघीस करणं चालू राहू शकतं. आमच्या धंद्याच्या भाषेत, सर्व्हर चालू होता, लॉग लिहिला जात नव्हता. गेटवर कुणीतरी नक्की होतं, आणि काय बोललं की समोरच्याला लागतं हे त्याला कळत होतं.

ॲरिस्टॉटलला हा पेच पडतच नाही. मायटिलीनीच्या पिट्टाकसनं नशेतल्या गुन्ह्याला जास्त शिक्षा ठेवली होती, त्याची तो नोंद घेतो. न पिणं तर हातात होतं ना, असा त्याचा रोख. पण मग शिक्षा पहिल्या पेगची झाली. तो तर टेबलावरच्या सगळ्यांनीच घेतला होता.

लहानपणी मी आत्याला चावलो होतो. मला अजिबात आठवत नाही, तरी मी 'मी चावलो' असंच म्हणतो, 'चावलो म्हणे' असं नाही. आपल्या आयुष्यातल्या कितीतरी गोष्टी आपण दुसऱ्याच्या शब्दावर आपल्या मानतो. कबुली म्हणजे साक्ष नव्हे. ज्याला आठवतंय त्याचा शब्द आपल्या नावावर घेणं, एवढंच. तो अर्धा तास आज एकट्या वॉचमनच्या डोक्यात आहे.

पण शब्द घ्यायचा तर आधी तो ऐकायला हवा. पोलिसांच्या कागदावर 'अर्वाच्य शिवीगाळ' एवढंच आहे. मित्र म्हणाला, जाऊन भेटतो, माफी मागतो. वकिलांनी साफ मनाई केली, साक्षीदारावर दबाव आणला असं होईल. म्हणजे गुन्हा कबूल केला तर त्या रात्री काय झालं हे त्याला कधीच ऐकायला मिळणार नाही. नाकबूल केला तर वॉचमन साक्षीला येईल, समोर उभा राहून सगळं सांगेल, आणि त्या दिवसाचा त्याचा पगार कापला जाईल.

तारीख पुढच्या महिन्यात आहे. मित्रानं अजून वकिलांना काही कळवलेलं नाही.