रूपपालटाची मुदत

ईश्वराने दिलेल्या देहावर केवळ रूपासाठी शस्त्र चालविणे हा अधर्म आहे काय, हा प्रश्न अलीकडे पुष्कळ घरांतून, विशेषतः लग्नाच्या वयाची मुले-मुली असलेल्या घरांतून, दबक्या आवाजात विचारला जातो, आणि त्याला बहुधा दोनच ठरावीक उत्तरे मिळतात. देह हे प्राक्तनाचे दान आहे, ते जसे आले तसे मस्तकी धरावे, हे एक. आणि देह ज्याचा मुखत्यारी त्याची, इतरांनी त्यात चौकशी करू नये, हे दुसरे. मला ही दोन्ही उत्तरे उतावळी वाटतात, कारण दोहोंतही प्रश्न विचारणाऱ्या माणसाची गाठ घेण्याचे राहूनच जाते.

पहिल्या उत्तराला आपल्या परंपरेचाच आधार नाही. सुश्रुतसंहितेत छिन्न नासिकेचे व फाटलेल्या कर्णपाळीचे संधान सविस्तर सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर व्रणाच्या साठ उपक्रमांत, जखम भरून आल्यावर त्या जागी त्वचेचा मूळ वर्ण परत यावा, गेलेले केस पुन्हा उगवावेत, यासाठीही उपाय दिले आहेत. म्हणजे रोग्याचा प्राण वाचला एवढ्यावर वैद्याचे कर्तव्य संपले, असे त्या आचार्यांनी मानले नाही. भागवताच्या दशम स्कंधात मथुरेच्या रस्त्यावर चंदनाची उटी घेऊन निघालेली कुब्जा श्रीकृष्णाला भेटते, तेव्हा तो तिच्या पावलांवर पाय ठेवून, हनुवटीखाली दोन बोटे लावून तिला सरळ उभी करतो. प्राक्तन भोगून संपव, असे तिला सांगत नाही. गीतेने देहाला क्षेत्र म्हटले आणि क्षेत्रज्ञ त्याहून वेगळा ठरविला, यावरून देहाची निगा व्यर्थ असे अनुमान काढणारे पुष्कळ आहेत. पण शेताचा धनी म्हणजे शेत नव्हे हे खरे असले, तरी बांध फुटलेला पाहून तो धनी काही स्वस्थ बसत नाही.

ही विद्या नुसती पोथीत राहिली नव्हती. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेकडील कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला, आणि मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. त्या शस्त्रक्रियेची हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात छापली गेली. मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बेताने बसवायचा, तोच सपाट करून कपाळावर ठेवायचा व त्याच्या कडेने रेघ ओढायची. तेवढे कातडे सोडवायचे, पण दोन्ही डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी तशीच राखायची, कारण जिवंत रक्त पोचते ते तिच्यातूनच. मग ते कातडे फिरवून खाली आणायचे, भिजवलेल्या काताचा लेप कापडावर पसरून वर लावायचा, चार दिवस त्याला हात लावायचा नाही, पुढे तुपात भिजवलेले कापड ठेवायचे, आणि मधली पट्टी तोडायची ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. हे वाचून वीस वर्षांनी, १८१४ साली, कार्प्यू नावाच्या शल्यविशारदाने लंडनमध्ये तोच प्रयोग यशस्वी केला. मला त्या अनाम कारागिराच्या हातकौशल्याइतकाच त्याचा धीर मोठा वाटतो.

आजच्या शल्यशास्त्रालाही हा धीर सोडता आलेला नाही. चेहऱ्याच्या हाडांची वाढ पुरी होण्यापूर्वी केवळ आकारासाठी नाकाला हात लावीत नाहीत. लावल्यावर सूज पूर्ण उतरून खरे रूप दिसण्यास वर्षभर लागते. आणि भाजल्याचा वण पक्व होऊन मऊ पडण्यासही वर्ष, कधी अधिक काळ, द्यावा लागतो. उलट, दुभंगलेल्या ओठाचे मूल तिसऱ्या महिन्याच्या सुमारास शस्त्रक्रियेसाठी घेतात, आणि तेथे मुलाला समज येऊन ते संमती देईपर्यंत थांबणे हीच हयगय ठरेल. देहाची मुदत अशी शल्यवैद्य सांगू शकतो; मनाची मुदत ज्याची त्यालाच पाळावी लागते, आणि खरी अडचण तेथे आहे.

अष्टावक्राची कथा आपण सांगतो ती बहुधा अर्धीच. आठ ठिकाणी वाकडा असा हा मुलगा जनकाच्या सभेत येतो, सभा हसते, आणि तो त्या सभेला लाजवितो, येथे सामान्यतः कथा संपते व देहाच्या तुच्छतेचा उपदेश सुरू होतो. महाभारताच्या वनपर्वात मात्र ती पुढे चालते. द्वारपाल त्याला अडवितो तो त्याच्या कोवळ्या वयावरून. तो आत जातो, जनकाच्या सभेतील बंदी नावाच्या पंडिताला वादात जिंकतो, बुडविला गेलेला आपला पिता कहोड याला सोडवून आणतो, आणि त्यानंतर पित्याच्या सांगण्यावरून समंगा नदीत उतरतो, तेव्हा त्याची गात्रे सरळ होतात. सरळ होणे त्या महर्षीला वर्ज्य नव्हते, पण सभेची पायरी चढण्यासाठी त्याने ते मागितले नाही. जे जिंकायचे ते वाकड्या अंगाने जिंकले, मग नदी आली. या क्रमातच मला या प्रश्नाचे उत्तर दिसते.

मुलगी पाहून गेलेल्या मंडळींपैकी कोणी आत्याबाई मध्यस्थाला सांगते, ‘बाकी सगळं छान आहे हो, नाकच तेवढं जरा बसकं वाटलं’. तो निरोप स्वयंपाकघरापर्यंत पोचतो, आणि आठ दिवसांत बाप खर्चाचा अंदाज घेऊ लागतो. अशा वेळी संमतिपत्रावर सही मुलीची असते, पण अर्ज त्या परक्या आत्याबाईचा असतो. हा निर्णय तहकूब ठेवावा असे मी आग्रहाने म्हणेन, आणि ही तहकुबी एक वर्षाची तरी असावी. त्या वर्षात तिने अशा एखाद्या कामात स्वतःला घालावे की जेथे तिच्या नाकाकडे पाहण्यास कोणाला सवड नाही, आणि तेथे तिचे तिला काही साधल्यावर तीच इच्छा शांतपणे उरली, तर तिने खुशाल शल्यवैद्याकडे जावे. भूल, रक्तस्राव, जंतुदोष, कायमचा वण, यांची नीट खातरजमा करून घ्यावी, आणि कोणापुढेही खुलासा देत बसू नये. काहींना आरशात असे व्यंग दिसते की जे इतर कोणालाच दिसत नाही. एक दुरुस्त केले की दुसरे दिसू लागते. तो मनाचा आजार आहे, त्यावर शस्त्राचा उपाय नाही, आणि अशा माणसाला नकार देऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविणारा शल्यवैद्य आपली फी गमावूनही आपला धर्म पाळतो.

उतारवयाच्या खुणा पुसण्याविषयी माझा कल नकाराकडे आहे. पुत्राचे यौवन मागून घेतलेल्या ययातीलाही अखेर ते तृप्त न होताच परत करावे लागले. तरीही ज्या स्त्रीच्या हातची नोकरी कपाळावर सुरकुती दिसू लागताच दुसरीला दिली जाते, तिच्यापुढे ययातीचे नाव काढण्यास माझी जीभ धजत नाही. तिने शस्त्रक्रिया करून घेतली तर मी तिला वैराग्याचा पाठ देणार नाही; चौकशी करावयाचीच तर तिच्या मालकाची करावी.