निरर्थक शब्द कोणते?



संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू एक कठीण गोष्ट सांगतो. माणसाला शेवटी आपल्या वायफळ बोलण्याचाही जाब द्यावा लागेल, असा त्याचा इशारा आहे. तो ऐकला की आपल्यापैकी पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. कारण आपण दिवसभर बोलतो तरी काय? "तिकडं झाला का पाऊस?" "औंदा गोगलगाई लई झाल्यात." "मेथी उगवली का परसात?" "काकडीच्या कोशिंबिरीत दही घालता, का नुसतं लिंबू पिळता?" पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, दळणाच्या गिरणीत, मिस्सा संपल्यावर चपला शोधताना आपले बोलणे याच वळणाने जाते. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, उगाच तोंडाची वाफ दवडू नका. मग या साऱ्या गप्पा निरर्थक शब्दांच्या खात्यात जमा होणार काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून या गप्पा जरा जवळून पाहू या. सुरुवात गोगलगाईपासून करू.

आपल्या शेतात दिसणारी मोठी शंखी गोगलगाय मूळची इथली नव्हे. ती पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली विल्यम हेन्री बेन्सन या अभ्यासकाने मॉरिशसहून ती आणून कोलकात्याच्या चौरंगी भागातल्या एका बागेत सोडली, अशी नोंद आहे. तिथून ती देशभर पसरली. ती रात्री खाते आणि दिवसा दगडाखाली, पालापाचोळ्यात लपते. उन्हाळ्यात शंखाचे तोंड पांढुरक्या पडद्याने बंद करून जमिनीत पडून राहते आणि पहिल्या मोठ्या पावसाला बाहेर येते. एकेक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते, आणि एका वेळी शंभराच्या वर अंडी घालू शकते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. कितीतरी शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. सरकारला मदत जाहीर करावी लागली. आपल्याही जिल्ह्यात खरिपाची मोठी भिस्त सोयाबीनवरच आहे.

यावर उपाय काय? पुष्कळांना ते तोंडपाठ आहेत. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी शेतात ठेवायचे, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून गोळा करायच्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाकायच्या. बांधाच्या कडेने चुन्याचा पट्टा ओढायचा. पण खरी मेख पुढेच आहे. एकट्याने हे करून भागत नाही. आपण आपले रान साफ केले आणि शेजाऱ्याने केले नाही, तर चार रात्रींत गोगलगाय पुन्हा आपल्याकडे हजर. सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, हे तिला कळत नाही. म्हणून गावाने मिळून, एकाच वेळी मोहीम करावी लागते. आणि गावाने मिळून काही करायचे, तर आधी गावाने आपसात बोलत असावे लागते. ज्या दोन शेजाऱ्यांनी बांधावरून चार वर्षे शब्द टाकलेला नाही, ते एके दिवशी अचानक गोगलगाई वेचायला एकत्र कसे येतील?

याला दुसरीही बाजू आहे. काही जण मेटाल्डिहाईडच्या विषारी गोळ्या टाकतात. त्या कुत्र्याने खाल्ल्या तर त्याच्या जिवावर बेतते, गुरांनाही धोका असतो. अशा वेळी "आज गोळ्या टाकल्यात, जनावर इकडं सोडू नका" हे एक वाक्य शेजाऱ्याला सांगणे ही गप्पा आहे की कर्तव्य? तसेच या गोगलगाईच्या अंगात उंदरांकडून आलेले बारीक जंत असू शकतात. ते माणसाच्या पोटात गेले तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून "मेथी कच्ची खाणार असाल तर नीट निवडा, दोन-तीन पाण्यांनी धुवा" हे सांगणारी शेजारीण बडबड करत नसते. ती आपल्या लेकरांची काळजी करत असते.

आता कोणी म्हणेल, हे उपयोगाचे बोलणे झाले. पण "आज उकडतंय फार" याचा काय उपयोग? दोघांनाही घाम येतच असतो!

ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की या पोलंडमध्ये जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञाने नेमका हाच विचार केला. न्यू गिनीजवळच्या बेटांवर तो लोकांमध्ये राहिला होता. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याने दाखवून दिले की, अशा बोलण्यातून माहिती द्यायची नसतेच. समोर उभा असलेला अनोळखी आणि गप्प माणूस आपल्याला धास्तावतो. हवेपाण्याचा एक शब्द बोलला की ती धास्ती जाते आणि दोघांत नाते जुळते. या बोलण्याला त्याने जे इंग्रजी नाव दिले, त्यात शब्द आहे 'कम्युनियन'. आपल्याला हा शब्द ठाऊक आहे तो वेदीपाशी. एका शास्त्रज्ञाला पावसापाण्याच्या गप्पांसाठी तोच शब्द योग्य वाटला, ही गोष्ट आपण मनात ठेवण्यासारखी आहे.

परंतु पाऊस सर्वांवर सारखा पडतो आणि सर्वांना सारखा लागत नाही, हेही विसरून चालणार नाही. मृग कोरडा गेला तर विहीर असलेला थांबू शकतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला त्याला पाळता येतो. कोरडवाहूवाला मात्र आभाळाकडे आणि सावकाराकडे आळीपाळीने पाहतो. चांगली झड लागली की मालक खूश होतो, पण खुरपणी थांबते आणि मजूर बाईची त्या दिवसाची चूल अडते. मार्चमध्ये एखादी सर आली तर शहरातल्या माणसाला गारवा वाटतो. आपल्या जिल्ह्यात तेव्हा हळद शिजवून वाळत घातलेली असते. म्हणून "काय मस्त पाऊस पडला!" असे म्हणण्याआधी आपण कोणापुढे उभे आहोत, हे पाहावे. हवेवर बोलतानाही प्रीती लागते. 'मस्त पाऊस' म्हणण्यापेक्षा 'कसा झाला पाऊस?' असे विचारणे बरे. पहिल्यात आपण आपले सांगतो, दुसऱ्यात समोरच्याला जागा देतो.

आता कोशिंबिरीकडे वळू. मराठवाड्यात मेथीचा घोळाणा कसा करावा यावर जितकी मते, तितक्या सासू-सुना. कोणी कांदा बारीक चिरून त्यावर दाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि करडईचे कच्चे तेल घालते. कोणी कारळाची चटणी भुरभुरते. काकडीत दही घालणारी आणि लिंबू पिळणारी, असे तर दोन पंथच आहेत. पण मीठ आयत्या वेळी घालावे, यावर सर्वांचे एकमत असते. आधी घातले की काकडीला पाणी सुटते आणि कोशिंबीर बेचव होते. गंमत म्हणून मुले गोगलगाईवर मीठ टाकतात तेव्हाही हेच घडते. तिच्या अंगातले पाणी ओढले जाते आणि ती तडफडते. पीक वाचवायला गोगलगाई नष्ट करणे वेगळे आणि मौजेखातर एकीला तडफडवणे वेगळे, हे मुलांना सांगायला हवे.

संत पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात बोलण्याला मिठाची उपमा दिली आहे. स्वयंपाक करणाऱ्याला ती लगेच कळते. मीठ किती, केव्हा आणि कशावर, यावर सारे असते. अमक्याची सून, तमक्याचा मुलगा, फलाण्याचे कर्ज हे विषयही गप्पांत निघतात आणि ते फार चविष्ट लागतात. पण तिथे कोणीतरी गैरहजर असते, आणि आपले मीठ त्याच्या उघड्या अंगावर पडत असते. कोशिंबिरीवर कितीही वाद घाला, कोणाची अब्रू जात नाही. गोगलगाईला कितीही शिव्या द्या, तिचे लग्न मोडत नाही. हवा, बाग आणि स्वयंपाक या विषयांची थोरवी हीच आहे की, त्यांत बोलणारे सगळे समोर असतात आणि पाठीमागे कोणीही दुखावला जात नाही.

अर्थात गोड गप्पाही खोट्या असू शकतात. 'गोगलगाय अन् पोटात पाय' अशी माणसे असतातच. कोणाची जमीन विकायला निघाली आहे याचा अंदाज घ्यायला ती "पाऊस कसा आहे?" म्हणून विचारतात. शब्द तेच, पण मन दुसरे. तेव्हा शब्द निरर्थक आहे की नाही, हे विषयावरून ठरत नाही. समोरचा माणूस आपल्याला हवा आहे का, यावरून ठरते. धर्मावरचे लांबलचक भाषणही निरर्थक असू शकते, जर ते स्वतःची विद्वत्ता दाखवायला केले असेल. आणि "मेथी उगवली का?" हा साधा प्रश्न पुण्याचा होऊ शकतो, जर विचारणारा उत्तर येईपर्यंत थांबला तर.

हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. आपल्या मराठवाड्यात दरवर्षी कितीतरी शेतकरी आपले जीवन संपवतात. "मी कर्जात बुडालोय, मला झोप येत नाही" असे वाक्य आपला माणूस सहसा उच्चारत नाही. तो म्हणतो, "यंदा काही खरं नाही पावसाचं." पुष्कळदा हेच त्याचे दार ठोठावणे असते. आपण "होय बघा" म्हणून पुढे गेलो तर ते दार बंद होते. आपण "बसा घडीभर, चहा घेऊ" म्हटले तर कदाचित दुसरे वाक्य बाहेर येईल, आणि मग तिसरे. अशा वेळी उपदेश नको. ऐकावे, घरापर्यंत सोबत जावे, आणि जरूर वाटली तर टेली-मानस या सरकारी मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक स्वतः लावून द्यावा.

बंधू-भगिनींनो, आपल्या बोलीत विचारण्याला 'पुसणे' म्हणतात. पुसेगाव या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, पुसणाऱ्यांचे गाव असा अर्थ आपण त्याला देऊ शकतो. या आठवड्यात एक करून पाहू या. ज्या शेजाऱ्याशी, ज्या जावेशी, ज्या भावकीशी बोलणे तुटले आहे, त्यांच्याशी जुन्या भांडणाचा निकाल लावायला जाऊ नये. ते फार मोठे ओझे आहे, पहिल्याच दिवशी उचलत नाही. बांधावर किंवा दारात उभे राहून एवढेच पुसावे, "गोगलगाई तुमच्याकडं पण आल्यात का हो?"