गाव म्हणजे नक्की कोण?

दर १७ सप्टेंबरला बीड जिल्ह्यात झेंडावंदन होतं. १९४८ मध्ये याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. रझाकारांचे जुलूम आजही घराघरांत सांगितले जातात, आणि ते सांगितलेच पाहिजेत.

त्यानंतर जे झालं, ते मात्र हळू आवाजात सांगितलं जातं. पोलीस ॲक्शननंतर संस्थानात मुस्लिमांच्या कत्तली झाल्या. सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अंदाज होता, २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेल्या आठ जिल्ह्यांत बीडही होतं. हा अहवाल कित्येक दशकं जाहीर झाला नाही.

आता समजा, एक पुरातत्त्व अभ्यासक इथे आली. लोकांना सोबत घेऊन संशोधन करणारी. काय शोधायचं, कुठे खणायचं, हे गावाने ठरवायचं.

अंबाजोगाईत तिला फार अडचण येणार नाही. हे गाव मोमिनाबाद होतं तेव्हा इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. त्या छावणीचा इतिहास फलकावर लिहिला तर कोण रागावणार? इंग्रज केव्हाच निघून गेले.

१९४८ची गोष्ट वेगळी. मारणाऱ्यांचे आणि मेलेल्यांचे नातू आज एकाच आठवडी बाजारात भाजी घेत असतील. म्हणून गाव म्हणेल, "जाऊ द्या मॅडम, जुनं कशाला उकरता?"

तिने ऐकावं का? पहिलं उत्तर, हो. ती लेख लिहून निघून जाईल, परिणाम इथल्यांना भोगायचे आहेत.

पण 'गाव' म्हणजे कोण? ग्रामसभेत बोलले ते? एक जण लाजेने गप्प असतो, दुसरा भीतीने. तिसऱ्याला खरंच विसरायचं असतं. बाहेरून तिघांचं गप्प बसणं सारखंच दिसतं.

मला वाटतं, तिने चावडीवर विचारू नये. घरोघर जावं, आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यापासून सुरुवात करावी. ते 'नको' म्हणाले तर वही मिटावी. 'लिहा, पण आत्ता छापू नका' म्हणाले, तर लिहून वही त्यांच्याच घरी ठेवावी.

गप्प राहण्याचा हक्क ज्यांचं गेलं त्यांचा आहे. त्यांच्या वतीने गप्प राहायचं, हे बाकीच्यांनी कसं ठरवायचं?