धुराचा कर कोणी भरावा?



इलातचे आखात ज्या तांबड्या समुद्राला मिळते, त्याच समुद्राच्या काठी, जेद्दाच्या उत्तरेस सुमारे दीडशे किलोमीटरवर राबिघ हे सौदी गाव आहे. सौदी अरामको आणि जपानची सुमितोमो केमिकल यांनी २००५ साली स्थापन केलेल्या पेट्रो राबिघ कंपनीचा तेथे तेलशुद्धीकरण कारखाना आहे. रोज चार लाख पिंपे तेल शुद्ध करण्याची त्याची क्षमता. जड इंधन तेलावर वीज निर्माण करणारे केंद्रही तेथेच आहे. या गावाच्या निमित्ताने एक प्रश्न विचारावासा वाटतो. सरकारने प्रजेला इंधन स्वस्त द्यावे, हे पुण्य की पाप?

पर्यावरणवाद्यांचा आक्षेप सरळ आहे. सरकारने शाळा बांधली, तर तो खर्च अंदाजपत्रकात दिसतो. परंतु तेल जगाच्या बाजारभावापेक्षा कमी दराने घरात विकले, तर बुडालेले उत्पन्न कोणत्याच रकान्यात येत नाही. धूर आणि तापणारी हवा यांचीही नोंद होत नाही. आपले पूर्वज कोकणात घाणा चालवीत. तिळाचा भाव, बैलाची वैरण आणि स्वतःची मजुरी धरूनच ते तेलाचा भाव सांगत. शेजाऱ्याच्या शेतात बैल चारून "माझे तेल स्वस्त" म्हणणाऱ्याला गावाने काय म्हटले असते?

तेलाचे भाव कोसळून तिजोरीस ओढ लागली, तेव्हा सौदी सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये, नव्या अंदाजपत्रकाबरोबर, उत्तम प्रतीचे पेट्रोल लिटरला ६० हलालांवरून ९० हलालांवर नेले. कारखान्यांना लागणारा इथेन वायूही महाग केला. जानेवारी २०१८ मध्ये तेच पेट्रोल २.०४ रियाल झाले. त्याच महिन्यात ५ टक्के मूल्यवर्धित कर आला व जुलै २०२० मध्ये तो १५ टक्के झाला.

हेतू तिजोरीचा असला, तरी भाववाढ पर्यावरणवाद्यांना हवी तीच होती. मात्र भरपाई कोणाला मिळाली? डिसेंबर २०१७ पासून अल्प व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना रोख मदत सुरू झाली, ती मुख्यतः सौदी नागरिकांना. परदेशी कामगार तेच पेट्रोल आणि तोच कर भरतो. शिवाय जुलै २०१७ पासून त्याच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक माणसामागे त्याला मासिक शुल्क द्यावे लागले. हे वड्याचे तेल वांग्यावर काढणे झाले.

कोणी म्हणेल, राज्याचे पहिले कर्तव्य नागरिकांशी. परका तर पगारासाठी स्वखुशीने आला. तेलाच्या संपत्तीचा वाटा देताना हा युक्तिवाद चालेल. पण धूर पासपोर्ट पाहून छातीत शिरत नाही. सर्वांचे नुकसान होते म्हणून जो भाव वाढवायचा, त्यातील दिलासाही गरज पाहूनच दिला पाहिजे.

इस्राएलातही नोव्हेंबर २०२१ मध्ये एकदा वापरून फेकण्याच्या प्लास्टिक भांड्यांवर कर बसला. मोठ्या कुटुंबांना तो आपल्यावरच रोखलेला वाटला, आणि २०२३ च्या आरंभी तो रद्द झाला. अन्यायाचा वास आलेला कर टिकत नाही, आणि त्याबरोबर चांगला हेतूही बुडतो.

म्हणून पर्यावरणाचा कैवार घेणाऱ्यांनी इंधनाचा खरा भाव मागताना, त्याच अर्जात दुसरी ओळही लिहावी : गोळा झालेल्या पैशातून गरिबाला, मग तो आपला असो वा परका, आधी सावरावे.