निचऱ्याची वाट

कृष्णाकाठच्या शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत उन्हाळ्यात काही रानं सकाळच्या उन्हात पांढरी दिसतात. बोटानं खरवडलं तर पिठासारखा थर निघतो, जिभेला खारट लागतो. गावात म्हणतात, रान क्षारपड झालं. ही रानं पाण्याच्या सुकाळानं गेली, हे दुष्काळी मुलखातल्या माणसाला सांगून पटणार नाही. काळीभोर चिकट जमीन, उसाला वर्षानुवर्षं पाटानं सोडलेलं पाणी, आणि त्या पाण्याला पुढे जायला वाट नाही. जमिनीखालची पातळी वर चढत आली. ऊन पाणी तेवढं ओढून नेतं, मीठ जागेवर राहतं.

अशा रानात टोमॅटोचं रोप लावलं, तर बुडाशी ओल असूनही दुपारी शेंडा मान टाकतो. खालच्या जुन्या पानांच्या कडा करपतात. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना ते पाणी ओढून घेणं जड जातं. रोप ओलीत उभं राहून तहानलेलं असतं. शेतकरी सुकलेलं रोप पाहतो आणि मायेपोटी आणखी एक पाणी देतो. मग वाफसा येत नाही, मुळं गुदमरतात आणि खालचं मीठ पुन्हा वर येतं.

भाजीपाला करणारे यावर बऱ्याच युक्त्या करतात. वरंब्याच्या माथ्यावर मीठ जमतं, म्हणून रोप माथ्यावर न लावता बगलेला, ओलीच्या जवळ लावायचं. उघड्या मातीवर पाचट अंथरायचं, म्हणजे ऊन कमी लागतं आणि क्षार कमी चढतात. ठिबकनं थोडं थोडं, पण वरचेवर पाणी द्यायचं. त्यानं मीठ ओल्या वर्तुळाच्या कडेला सरकतं. पहिल्या हलक्या सरी आल्या की ते कडेचं मीठ मुळांकडे परत येतं, म्हणून जाणता शेतकरी तेव्हाही ठिबक चालू ठेवतो आणि पावसात पाणी देतोय म्हणून लोक त्याला हसतात. पीकही पारखून घ्यावं लागतं. मातीची ईसी, म्हणजे क्षारांचं माप (डेसीसायमन प्रति मीटर), 1 च्या पुढे गेली की घेवडा आणि गाजर मागे पडू लागतात, टोमॅटो साधारण 2.5 पर्यंत निभावतो, बीट 4 पर्यंत.

थोड्या खाऱ्या पाण्यावरचा टोमॅटो आकारानं लहान, पण चवीला गोड होतो, हेही खरं. जपानमधल्या यात्सुशिरोच्या समुद्र हटवून केलेल्या जमिनीवरचे असे टोमॅटो नावाजलेले आहेत. त्यावरून ‘सोसल्याशिवाय गोडी नाही’ असा सुविचार फळ्यावर लिहायची घाई मात्र नको. मीठ आणखी वाढलं की गोडी राहू दे, फळच धरत नाही.

युक्त्यांनी हंगाम निघतो, रान सुधारत नाही. जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट, झाली असेल तर माती तपासून जिप्सम टाकतात. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमला हुसकावतं. पण हुसकावलेल्या सोडियमनं जायचं कुठे? गोड्या पाण्यानं क्षार धुऊन काढायचे, तर ते धुतलेलं पाणी वाहून जायला हवं. त्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून साचलेलं पाणी ओढ्याला नेऊन सोडतात. निचरा असेल तर जादा पाणी औषध ठरतं, नसेल तर तेच पाणी दुखणं वाढवतं.

इथे गोष्ट एकट्याची राहत नाही. पाणी आपलं आपण देता येतं. विहीर पाडता येते, मोटर बसवता येते. पण आपल्या रानातलं पाणी ओढ्यापर्यंत जायचं, तर ते खालच्या शेतकऱ्याच्या बांधातून जातं. शिरोळ तालुक्यात शेतकरी एकत्र आले, सामाईक निचऱ्याची कामं झाली, तेव्हा पडीक रानं पुन्हा पिकाखाली येऊ लागली.

घरातलं माणूस कोमेजलं तरी आपण सुकल्या रोपाला आणखी पाणी देणाऱ्यासारखंच करतो. आणखी सल्ला, आणखी पैसे, आणखी काळजी. देणं आपल्या हातात असतं, म्हणून ते सोपं वाटतं. त्याच्या आत साचलेलं बाहेर कुठून पडेल, हे विचारायचं राहून जातं. ती वाट बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी दारावरून जाते: मित्राच्या, शेजाऱ्याच्या, कधी ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याही. बांधावरच्या शेजाऱ्याशी बोलणं बंद असेल, तर आधी ते सुरू करावं. जिप्समची पोती त्यानंतर आणावीत.