दारूची हानि कोठें मोजावी?

वाचकहो, दारू सोडविण्याचे उपचार सफळ होतात कीं नाहीं हें ठरविण्याची सोपी रीत अशी कीं, दवाखान्याची वही उघडावी आणि किती आले व किती सुधारले तें मोजावें. ही गणना खोटी नसते. तथापि ती न्याय्य आहे काय, याचा विचार अवश्य आहे.

आपल्या देशांतील व्यसनांची सरकारी पाहणी इ. स. २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें कीं, जे दारूच्या पूर्ण अधीन झाले आहेत अशा ३८ जणांत एकालाच कांहीं उपचार मिळाला. वही त्या एकाविषयीं बोलते; ३७ जणांविषयीं ती मुकी असते. जो धनगर वाड्यांत परतलेलींच मेंढरें मोजतो, आणि सकाळीं किती सोडलीं होतीं हें पाहत नाहीं, त्याची मोजणी बिनचूक असूनहि कळप घटत जातो. म्हणून उपचाराची परीक्षा सबंध गांवांत व्हावी.

दुसरा प्रश्न, हानि कोणाची मोजावी? गोव्यांतील १० प्राथमिक आरोग्यकेंद्रांत अपायकारक रीतीनें पिणाऱ्या पुरुषांस, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या माणसांकडून सल्ला देण्यांत आला. त्याचा वृत्तान्त २०१७ सालीं छापला गेला. तीन महिन्यांनंतर सल्ला मिळालेल्यांपैकीं शेंकडा ३६ जणांचें पिणें धोक्याच्या मर्यादेखालीं आलें. केवळ नेहमींचा उपचार मिळालेल्यांत शेंकडा २६ जणांचें. हा लाभ लहान नव्हे. परंतु कामाचे बुडालेले दिवस आणि बायकोस होणारी मारहाण, यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाहीं. काळ थोडा होता, म्हणून सल्ला व्यर्थ असें कोणी म्हणूं नये. पण संशोधकांनीं पेलाच मोजला असता, तर घराची हकीकत झांकून राहिली असती. जो पितो त्याचें नांव वहींत येतें. जी त्याच्यामुळें उपाशी राहते तिचें येत नाहीं.

येथें सावधगिरीहि पाहिजे. उपचार सुरू झाल्यावर मारहाणीच्या तक्रारी वाढल्या, तर मारहाणच वाढली असें समजूं नये. भय कमी झाल्यानें गप्प असलेल्या स्त्रिया बोलूं लागल्या असतील. म्हणून आधीं व नंतर तेच प्रश्न त्याच वस्तींत विचारावे, आणि उपचार नसलेल्या गांवाशीं ताडून पाहावें.

तर बंधुभगिनींनो, तुम्ही घरोघर जातां. कोणी दारूपासून सुटला असें ऐकाल तेव्हां आनंद माना. आणि त्याची चूल रोज पेटते काय, मुलें शाळेंत जातात काय, हेंहि हळूच विचारा. उत्तर कडू असलें तरी, नांव न सांगतां, आरोग्यकेंद्रास कळवा. जें दुःख कोणी मोजीत नाहीं, त्यावर औषध शोधावयासहि कोणी निघत नाहीं.